रानाचा कारभारी : आल्डो लिओपोल्ड

कुऱ्हाड, नांगर, गुरे, विस्तव आणि बंदूक या पाच साधनांनी रानाचा नाश केला. त्यांच्याच विचारपूर्वक वापराने ते पुन्हा उभे करता येईल, असे आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली ‘गेम मॅनेजमेंट’ या ग्रंथात मांडले. शिकारखान्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना हा विचार परका वाटू नये.

अमेरिकेत आयोवातील बर्लिंग्टन येथे १८८७ साली त्यांचा जन्म झाला. येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून १९०९ साली ते ॲरिझोनाच्या रुक्ष मुलखात जंगलखात्यात रुजू झाले. लांडगे मारले की हरणे वाढतात, हा त्या काळचा हिशेब. तो त्यांनीही मानला आणि लांडग्यांवर गोळ्या झाडल्या. पुढे कैबाबच्या पठारावर हरणे बेसुमार वाढली, चारा संपला आणि ती उपासमारीने मेली. (आकड्यांविषयी मागाहून वाद झाले, ते असोत.)

जमिनीचे दुखणे त्यांनी फार जवळून पाहिले. पाऊस थोडा, उतारावर गुरे-मेंढ्या फार. गवत गेले की पहिल्याच वळवाने घळी पडत आणि ओढ्याकाठची सुपीक शेते वाहून जात. १९२३ साली त्यांनी पाणलोटाच्या राखणीवर एक हस्तपुस्तिकाच लिहिली. १९२४ साली त्यांच्या आग्रहाने न्यू मेक्सिकोतील हीलाचे सुमारे साडेसात लाख एकर रान बिनरस्त्याचे राखले गेले.

पुढे ते विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९३५ साली त्यांनी नदीकाठची एक कस गेलेली शेती घेतली आणि पत्नी व पाच मुलांसह पाइनची रोपे लावली. दुष्काळात बहुतेक जळाली; ती पुन्हा लावली. तेथे पहाटे कॉफीची किटली घेऊन बसावे आणि किती उजाडले असता कोणता पक्षी गाऊ लागतो, ते टिपून ठेवावे, असा त्यांचा परिपाठ होता. रागांच्या वेळेवर भांडणाऱ्या आम्हां मंडळींनी हेवा करावा अशीच ती टिपणे!

१९४३ साली प्रांताच्या निसर्ग-संरक्षण मंडळावर असता, फार झालेल्या हरणांच्या माद्यांचीही शिकार होऊ द्यावी, असे त्यांनी सांगितले. लोकांनी झोड उठविली. लांडग्यांचे काम आता माणसांना करावे लागणार, हे कोणाला ऐकायचे नव्हते. त्यांनी मत बदलले नाही.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील गवताला आग लागली. ती विझवीत असतानाच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. त्यांच्या निबंधांचा संग्रह प्रकाशकाने आठवडाभरापूर्वीच स्वीकारला होता. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या नावाने तो १९४९ साली प्रसिद्ध झाला.