हर्शल आणि त्याची दुर्बीण

आपल्या पंचांगांत मंगळ, गुरू, शनी यांच्या पंक्तीला हर्शल हे एक परके नाव छापलेले आढळते. ज्याच्यावरून या ग्रहाला हे नाव मिळाले, तो मनुष्य काही ज्योतिषशास्त्राचा पंडित नव्हता. पोटासाठी तो संगीत शिकवीत असे आणि दुर्बिणी करणे हा त्याचा फावल्या वेळचा छंद होता.

विल्यम हर्शलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरी झाला. त्याचे वडील लष्करी वाद्यवृंदात वादक होते. १७५७ साली विल्यम इंग्लंडला आला आणि पुढे बाथ या गावी एका प्रार्थनामंदिरात ऑर्गनवादक झाला. दिवसभर शिकवण्या कराव्यात आणि रात्री गणिताचे व प्रकाशशास्त्राचे ग्रंथ वाचावेत, असा त्याचा क्रम होता. वाचता वाचता त्याला एकच ध्यास लागला. ग्रंथात वर्णिलेले आकाश आपल्याला आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे आहे!

१७७३ साली त्याने लंडनहून भिंगे मागविली. त्यांच्यासाठी लांबलचक नळी पुठ्ठ्याची करावयाची होती. हे काम धाकट्या बहिणीकडे, कॅरोलिनकडे आले. गायनात नाव काढावे म्हणून ती भावाकडे आली होती. तिने मोठ्या खटपटीने नळी केली. पण ती इतकी लांब झाली की सरळ राहीना, मध्येच वाके. विल्यमखेरीज कोणालाही तिच्यातून गुरू किंवा शनी दिसेना. तेव्हा पुठ्ठ्याच्या जागी पत्र्याची नळी आली.

पुढे त्याला आरशाची दुर्बीण हवीशी वाटू लागली. हवा तेवढा मोठा आरसा तयार मिळेना आणि करून घ्यावा तर किंमत परवडेना. तेव्हा आरसा स्वतःच करावयाचा, असे त्याने ठरविले. मग घराचे घरपण उरले नाही. दिवाणखान्यात सुतार नळ्या आणि घोड्या करू लागला. एका शयनगृहात धाकटा भाऊ अलेक्झांडर याने कातकामाचे मोठे यंत्र बसविले. त्यावर तो दुर्बिणीची नेत्रभिंगे तयार करी. तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा आरसा घासून झाला की त्याला झिलई द्यावी लागे. एकदा विल्यमने सोळा तासपर्यंत आरशावरचा हात उचलला नाही. कॅरोलिनने त्याला घास भरविले.

१३ मार्च १७८१ च्या रात्री तो आपली सात फुटी दुर्बीण घेऊन मिथुन राशीचे तारे न्याहाळीत होता. त्यांतला एक त्याला इतरांहून किंचित मोठा भासला. त्या वेळी दुर्बीण २२७ पट मोठे दाखवीत होती. त्याने नेत्रभिंग बदलून ४६० पटीचे बसविले, मग ९३२ पटीचे. नेत्रभिंग बदलले म्हणजे ते केसभर पुढेमागे सरकवून प्रतिमा पुन्हा रेखीव करावी लागते. त्यात चूक झाली तर साधा ताराही फुगलेला दिसतो. म्हणून त्याने शेजारच्या ताऱ्यांशी तुलना केली. ते बिंदूसारखेच राहिले; हा मात्र पटीपटीने वाढत गेला. चार दिवसांनी पाहिले, तो त्याने जागाही बदलली होती. हर्शलला तो धूमकेतू वाटला. गणितज्ञांनी त्याची कक्षा मांडली, तेव्हा तो शनीच्याही पलीकडचा ग्रह ठरला! आज त्याला युरेनस असेही म्हणतात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने तीन फूट व्यासाचा आरसा घराच्या तळघरात ओतावयास घेतला. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या खेपेस भट्टीच फुटली. वितळलेला धातू फरशीवर पसरला, दगड फुटून उडू लागले आणि दोघे भाऊ व कामगार जीव घेऊन पळाले.

याहून मोठे संकट निराळेच होते. आपली दुर्बीण हजारो पटींनी मोठे दाखविते, असे हर्शल सांगे. पण एका संगीतशिक्षकाने घरी केलेल्या यंत्रावर पंडितांनी विश्वास कसा ठेवावा? १७८२ साली तो आपली दुर्बीण घेऊन ग्रिनिच वेधशाळेत गेला. तेथील दुर्बिणींतून जे जोडतारे वेगळे दिसत नसत, ते त्याच्या दुर्बिणीतून स्वच्छ दिसले. राजज्योतिषी मॅस्केलिन याला हर्शलच्या दुर्बिणीची घोडी फार आवडली आणि आपल्या दुर्बिणीसाठी तशीच करून घेण्याचे त्याने ठरविले. पण थोड्याच दिवसांत, आपली दुर्बीण नव्या घोडीच्या लायकीची तरी आहे काय, अशी शंका त्याला येऊ लागली!

राजा तिसरा जॉर्ज याने हर्शलला सालीना दोनशे पौंडांचे वेतन दिले आणि त्याच्या शिकवण्या सुटल्या. कॅरोलिनचे गाणेही सुटले. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. तरी तिच्या गाण्याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. १७८९ साली हर्शलने चाळीस फुटी दुर्बीण पुरी केली. लोक ती पाहावयास दुरून येत. पण ती हाताळण्यास अवघड होती, म्हणून तो स्वतः बहुधा वीस फुटी दुर्बीणच वापरी.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी त्याचा अंत झाला. बाथमधील त्याचे घर आता संग्रहालय आहे. तेथील तळघराच्या फरशीवर त्या ऑगस्टमधले तडे अजून दिसतात.