भुकेच्या वाटेवरून केडगावपर्यंत

१८९६ साली पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. भातशेतीवर जगणारा भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात मोडत असे. तेथील वार्ता पुण्यात पोहोचल्या, तेव्हा शारदा सदनाच्या चालिका पंडिता रमाबाई स्वतः तिकडे निघाल्या. वय अडतीस. दुष्काळ त्यांना नवा नव्हता.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत. त्यावर कुटुंबाचा निर्वाह चाले. १८७० च्या दशकातील दुष्काळाने दक्षिण भारत होरपळला आणि दक्षिणा थांबली. भीक मागणे कमीपणाचे, मजुरी करणे शास्त्रीघराण्याला न शोभणारे, आणि अंगी दुसरे कसबही नाही! अखेर हे कुटुंब रानात शिरले, झाडपाल्यावर जगले. सोळाव्या वर्षी रमाबाईंनी वडील गमावले, पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात. बुटक्या रमाबाईंचा खांदा इतरांच्या उंचीला पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला.

त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या हजारो मैल पायी हिंडल्या. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत वाळू ओढून रात्र काढली. मूठभर धान्य पाण्यात भिजवून, मीठ लावून खाणे हेच जेवण. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी. पदरी तान्ही मनोरमा उरली.

अशा बाईला मध्य प्रांतातील मदत छावण्यांत काय दिसले असेल? निराधार मुली नुसत्या भुकेल्या नव्हत्या, त्यांची अब्रूही सुरक्षित नव्हती. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व विधवा सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर नेण्यात आले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. रमाबाईंच्या धर्मांतरामुळे पुण्यात मोठे वादळ उठले होते. त्यातील आक्षेप सारेच निराधार नव्हते. पण त्या मुलींना आणायला दुसरे फारसे कोणी गेले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

केडगावात अक्षरओळखीबरोबर विणकाम, शिवणकाम, शेती, छपाई शिकवली जाई. केवळ शास्त्र जाणणारे घर उपाशी कसे मरते, हे रमाबाईंनी पाहिले होते. १९०० मधील दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले.