आचार्य श्रीनागदेव आणि परिवारातील मतभेद

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी इ. स. 1274 च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले, तेव्हा मागे राहिलेला परिवार एका जातीचा, एका वयाचा वा एका विद्येचा नव्हता. त्यात शास्त्रार्थात मुरलेले पंडित होते, घरदार सोडून आलेल्या वृद्ध स्त्रिया होत्या, अक्षरओळख नसलेले भाविकही होते. सन्निधान असताना शंकेचे निरसन श्रीमुखानेच होत असे. असन्निधानात तो आधार गेला. अशा परिवारात फूट पडावयास परचक्राची आवश्यकता नसते. बसण्याचे स्थान, भिक्षेतील कमीअधिकपणा, एखाद्या वचनाचा अर्थ, एवढे निमित्त पुरेसे होते.

हा भार ज्यांच्यावर आला ते आचार्य श्रीनागदेव, म्हणजेच भटोबास, स्वतः वियोगदुःखाने व्याकुळ झालेले होते. स्वामींच्या आज्ञेनुसार ते ऋद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. ऋद्धपूर वऱ्हाडातले, यवतमाळ-घाटंजीकडील उपदेशी मंडळींना ती भूमी परकी नाही. इ. स. 1286 च्या सुमारास श्रीप्रभूंचेही देहावसान झाले आणि तेथून पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मार्गाचा सांभाळ आचार्यांनी केला.

त्यांची रीत केशोबासांच्या प्रसंगी स्पष्ट दिसते. केशोबास व्युत्पन्न संस्कृतज्ञ. निरूपण संस्कृतात बांधावे, ही त्यांची इच्छा. विद्वानाच्या दृष्टीने ती अगदी स्वाभाविक होती. आचार्यांनी त्यांच्या विद्येचा उपहास केला नाही, परंतु संमतीही दिली नाही. तसे झाल्यास परिवारातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे कारण त्यांनी उघड सांगितले. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, हा वाद संस्कृत श्रेष्ठ की मराठी श्रेष्ठ, या वळणावर जाऊच दिला नाही. तसे झाले असते तर दोन पक्ष पडले असते आणि पंडितांचा अभिमान दुखावला असता. निर्णय कोणासाठी करावयाचा, एवढाच प्रश्न समोर ठेवला गेला. ज्यांना स्वतःची बाजू मांडता आली नसती, त्यांची बाजू स्वतः आचार्यांनी घेतली. केशोबासांनी ते मानले. सूत्रपाठाची मांडणी त्यांच्याच हातून झाली आणि ती मराठीत आहे.

पंडितांनी संस्कृतमिश्रित भाषेत प्रश्न केला असता, स्वामींनी मजला मराठीतच बोध केला, त्याच भाषेत पुसावे, असे त्यांनी सांगितल्याचे स्मृतिस्थळावरून कळते. प्रश्नकर्त्याला गप्प बसविण्याचा हा प्रकार नव्हे. प्रश्न पुसण्याची मोकळीक महदाइसेने तर पुरेपूर घेतली. ती आचार्यांची चुलत बहीण. तिची जिज्ञासा सर्वश्रुत आहे.

लीळाचरित्राच्या कार्यात मतभेदाची कसोटी अधिकच कठीण होती. म्हाइंभट मूळचे वादपटू, स्वामींशी वाद करून जिंकावयाच्या हेतूने आलेले आणि तेथे निरुत्तर झालेले. त्याच म्हाइंभटांनी पुढे गावोगावी जाऊन प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून लीळा मिळविल्या व आचार्यांकडून पडताळून घेतल्या. आठवणी माणसागणिक भिन्न असणारच. धुऱ्यावरून भावाभावांत जो तंटा पेटतो, त्याचेही मूळ पुष्कळदा वडिलांच्या शब्दांच्या दोन भिन्न आठवणींत असते. दोघेही खोटे बोलत नसतात. म्हाइंभटांची मूळ प्रत खलजीच्या धाडीत नष्ट झाल्यावर स्मरणावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, तेव्हा आठवणींतील भेद दडपले गेले नाहीत. भिन्न पाठ ज्याचे त्याच्या नावानिशी राखले गेले. एकच पाठ खरा धरून उरलेले जाळले असते तर ग्रंथ सुबक झाला असता, परंतु पाठ सांगणारी माणसे दुरावली असती.

आचार्यांनी घालून दिलेले हे वळण कवीश्वर भास्करभट बोरीकरांच्या बाबतीतही उपयोगी पडले. त्यांचे शिशुपालवध काव्यगुणांनी उत्तम, परंतु श्रीकृष्ण-रुक्मिणींच्या शृंगाराने भरलेले. ग्रंथ चांगला उतरला आहे, मात्र तो निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय जाणत्यांनी त्यांना समोरासमोर दिला. पाठीमागे कुजबुज झाली नाही, गुणही नाकारला गेला नाही. कवीला असा अभिप्राय सोसणे सोपे नसते. भास्करभट रुसून निघून जाऊ शकले असते. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधाकडे वळून उद्धवगीता रचली.

श्रीनागदेवांच्या मागे आचार्यपद बाइदेवबासांकडे व त्यांच्या मागे याच भास्करभटांकडे आले. कालांतराने मार्गात तेरा आम्नाय झाले. त्यांतील एक आजही कवीश्वर या नावाने ओळखला जातो.