कर्नल साइक्स आणि दख्खनची हवा

हवेला वजन आहे हें पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. पण उंच चढूं लागलें म्हणजे तें वजन कसें घटतें, हें आपल्या दख्खन देशांत ज्यांनीं वर्षानुवर्षें मोजून पाहिलें, त्या विल्यम हेन्री साइक्स ह्यांचें चरित्र थोड्यांसच ठाऊक आहे.

त्यांचा जन्म १७९० सालीं इंग्लंडांत झाला. लहान वयांतच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेंत दाखल झाले, आणि १८१७ सालीं खडकीच्या लढाईंत पेशव्यांच्या सैन्याविरुद्ध लढले. ज्या मुलखांत ते तलवार घेऊन आले, तोच मुलूख पुढें त्यांनीं लेखणी घेऊन पाहिला. १८२४ सालीं गव्हर्नर एल्फिन्स्टन ह्यांनीं त्यांस दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमिलें. लोकसंख्या, पिकें, पशुपक्षी व हवा ह्या सर्वांची त्यांनीं नोंद केली.

हवेचा भार पाऱ्याच्या नळीनें मोजितात. समुद्रकांठीं पारा सुमारें ३० इंच उभा राहतो, आणि हजार फूट चढलें कीं साधारण एक इंच उतरतो. आपली परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत, म्हणजे साइक्स ह्यांच्या हद्दीबाहेर होती. पण नियम सर्वत्र एकच. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० फूट उंच. येथें पारा साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास राहतो. महाबळेश्वरीं, ४,५०० फुटांवर, तो साडेपंचवीसच भरतो. कापसाच्या ढिगांत तळचा कापूस वरच्या भारानें दबतो व वरचा सैल राहतो, तसेंच हवेचें आहे.

परंतु ह्यांत एक मेख आहे. जागा न सोडतांही पारा सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारीं चार-पांच वाजतां उतरतो, रात्रीं पुन्हा चढतो व पहाटे पुन्हा उतरतो. हा फरक सुमारें दशांश इंचाचा. पण दशांश इंच म्हणजे शंभर फूट! सकाळीं पायथ्याशीं व दुपारीं माथ्यावर पारा पाहणारा मनुष्य डोंगर शंभर फूट अधिक उंच लिहून बसेल. साइक्स ह्यांनीं हजारों नोंदी घेऊन हा क्रम पावसाळ्यांतही चालू राहतो असें दाखविलें. त्यांचा निबंध १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें छापिला.

पाऱ्याची लांब नळी प्रवासांत सहज फुटते. म्हणून साधा उष्णतामापक उकळत्या पाण्यांत धरून उंची कशी काढावी, ह्यावरही त्यांनीं १८३८ सालीं लिहिलें. भार कमी झाला म्हणजे पाणी कमी उष्णतेवर उकळतें. हजार फुटांमागें सुमारें एक अंश सेल्सिअस. म्हणूनच उंच डोंगरावर पाणी खळखळलें तरी डाळ शिजावयास वेळ लागतो.

१८२९ च्या अखेरीस सरकारनें काटकसरीसाठीं त्यांची जागाच मोडिली. काम अर्धवट राहिलें असतें, तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. पण त्यांनीं फौजेंतून रजा घेतली आणि १८३१ च्या जानेवारींत तें पुरें केलें. पुढें ते कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष व पार्लमेंटचे सभासद झाले. १८७२ सालीं त्यांचें निधन झालें.

वाचकहो, एकदां पाहून डोंगराची उंची सांगतां येत नाहीं, आणि मनुष्याचीही नाहीं. ज्यानें सकाळ, दुपार व रात्र तिन्ही पाहिल्या, त्याचेंच माप खरें ठरतें.