कराचीचे पहिले महापौर

कराची हे आज पाकिस्तानातील सर्वांत मोठे शहर आहे. पण मुलांनो, १९३६ पर्यंत ते आपल्या मुंबई इलाख्यात होते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? याच शहरात १८८६ साली एका श्रीमंत पारशी व्यापाऱ्याच्या घरी जमशेद नसरवानजी मेहता यांचा जन्म झाला.

तरुणपणी जमशेद यांच्यावर ॲनी बेझंट यांच्या विचारांचा प्रभाव पडला. सर्व धर्मांत एकच सत्य आहे, असे मानणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचे ते कराचीतील पुढारी झाले. पण ते केवळ प्रवचने देत बसले नाहीत. १९१८-१९ मध्ये इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ आली, तेव्हा ते आजाऱ्यांच्या सेवेला धावले.

१९१८ मध्ये ते नगरपालिकेत निवडून आले. १९२२ पासून १९३३ पर्यंत ते तिचे अध्यक्ष होते. रुंद रस्ते, नव्या वसाहती, बाळंतिणींसाठी दवाखाने अशी कितीतरी कामे त्यांनी केली. १९३३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळाने कायदा करून कराचीला महानगरपालिका दिली आणि जमशेद पहिले महापौर झाले.

सिंधी लेखक पीर अली मुहम्मद राशदी यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग लिहिला आहे. बंदर रोडवरून एक वयस्कर पारशी गृहस्थ एका जखमी गाढवाबरोबर सावकाश चालले होते. त्यांची स्वतःची गाडी मागून हळूहळू येत होती. ते गाढवाला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मलमपट्टी होईपर्यंत तिथेच उभे राहिले. गाढव बरे होईपर्यंत त्याच्या चाऱ्याचा खर्चही त्यांनी आपल्याकडे घेतला. ते गृहस्थ म्हणजे जमशेद! नगराच्या प्रमुखाने गाडीत बसावे की गाढवाबरोबर पायी चालावे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नसते. कराचीचे ऊन कडक. गाड्या ओढणाऱ्या मुक्या जनावरांसाठी त्यांनी रस्त्यांवर पाण्याचे हौदही बांधले.

१९३७ मध्ये ते सिंधच्या विधानसभेत निवडून आले. पण पक्षांच्या भांडणांत त्यांचे मन रमले नाही.

१९४७ मध्ये फाळणी झाली. त्यांनी जन्मभर सर्व धर्मांच्या लोकांना एकत्र आणले होते. आता मात्र त्यांचे कितीतरी हिंदू शेजारी घरेदारे सोडून जहाजाने मुंबईकडे निघाले. जमशेद कराचीतच राहिले. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले. कराचीतील एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.