कमला सोहोनी : पेशीतील प्रथिनांच्या अभ्यासक

प्रथिनांचा अभ्यास करायचा तर पेशी फोडावीच लागते. मात्र ती फोडताना आतील प्रथिन बिघडता कामा नये. जीवरसायनशास्त्रातील या जुन्या पेचाशी ज्यांचे संशोधन निगडित होते, त्या मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

इंदूरच्या भागवत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विदुषी दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनीही तेथेच अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या कसोटीवर त्यांना प्रवेश मिळाला. दूध व डाळींतील प्रथिनांवर संशोधन करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. त्यांच्या कामामुळे संस्थेचे दार अन्य विद्यार्थिनींनाही खुले झाले.

पुढे केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास केला. पेशीच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असल्याचे त्यांनी दाखवून दिले. हे प्रथिन पेशीतील तंतुकणिकेच्या आतल्या पटलाला सैलसर चिकटलेले असते. त्यामुळे ते सोडवणे तुलनेने सोपे. त्याचा जोडीदार सायटोक्रोम ऑक्सिडेज मात्र त्या स्निग्ध पटलात रुतलेला असतो. सपुष्प वनस्पतींतील या ऑक्सिडेजवरील हिल व कमलाबाईंचा लेख १९३९ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अशी रुतलेली प्रथिने सोडवण्यासाठी डिटर्जंट वापरण्याची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. आज तीच सर्रास वापरली जाते. पण निवड जपून करावी लागते. सोडियम डोडेसाइल सल्फेट प्रथिनाच्या घड्या उलगडून त्याचे कार्यच थांबवते. केवळ प्रथिनाचे आकारमान मोजायचे असेल तर ते चालते. विकराचे कार्य टिकवायचे असल्यास ट्रायटन एक्स-१०० किंवा पित्तक्षारांसारखे सौम्य पर्याय निवडले जातात.

१९३९ मध्ये अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. मायदेशी परतून त्यांनी दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय व कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा येथे काम केले. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईत आल्या. येथील विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले आणि पुढे संस्थेचे संचालकपदही भूषवले. नीरेवरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या संस्थापकांतही त्या होत्या.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत योजलेल्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले. ज्या क्षेत्रात प्रवेशासाठी त्यांना झगडावे लागले, त्याच क्षेत्राने केलेला तो अखेरचा गौरव ठरला.