सुटलेले शिक्षण पुन्हा धरणारे बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या वस्तीत कुणाला माहीत नाही? महू, चवदार तळे, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा, हे चौदा एप्रिलला लहान लेकरूसुद्धा घडाघडा सांगते. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही सगळे चरित्र सांगत बसणार नाही. आम्हाला एकच गोष्ट मांडायची आहे. बाबासाहेबांचे शिक्षण मधेच तुटले होते आणि तीन वर्षांनी त्यांनी ते पुन्हा जोडले. भाषणात ही गोष्ट दोन वाक्यांत उरकली जाते. पण आपल्या बीड जिल्ह्याला तीच सगळ्यात जास्त लागू आहे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता पुरा करायला घरातले एक माणूस कमी पडते. मग बारावी पास झालेला पोरगा, बी.ए.ला नाव घातलेली सून, कुणीतरी फडावर जाते. चैत्रात परत येईपर्यंत कॉलेजचे वर्ष गेलेले असते. मग घरचे म्हणतात, आता वय झाले, आता स्कॉलरशिप मिळत नसते, सोडा नाद. आम्ही जिनिंगमध्ये पाळ्या करता करता बाबासाहेबांची चरित्रे वाचली, तेव्हा एक कळले. शिक्षण सुटणे ही एक गोष्ट आहे आणि शिक्षण संपणे ही दुसरी.

भीमराव १९०७ साली एलफिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्या आनंदात सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे एलफिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत रामजी सुभेदारांनी कसेबसे रेटले. सुभेदार पेन्शनीतले, घर मोठे. इंटर झाल्यावर त्यांचा हात टेकला. शिक्षण तिथेच थांबायचे, पण केळुस्कर गुरुजी मधे पडले. त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या पैशावर १९१२ साली बी.ए.ची परीक्षा दिली.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी बाबा वारले. घरावर डोंगर कोसळला. त्याच वर्षी बडोदा सरकारने परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ही काही फुकटची खैरात नव्हती. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली, शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची. जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. १९१५ ला एम.ए. झाले. पीएच.डी.चा प्रबंध १९१६ ला पुरा केला. मग ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. बडोद्याने मुदत एक वर्ष वाढवून दिली होती.

आणि १९१७ च्या उन्हाळ्यात ती मुदत संपली. दिवाणांकडून परत या असा हुकूम आला. अभ्यास अर्धा, पहिले महायुद्ध चालू, खिशात पैसा नाही. आपल्या पोरांसारखीच गत. पण इथे बाबासाहेबांनी जे केले ते प्रत्येक विद्यार्थ्याने गाठ मारून ठेवावे. ते नुसते सामान बांधून निघाले नाहीत. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी विद्यापीठाची रीतसर परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. म्हणजे दार ओढून घेतले, पण कडी लावू दिली नाही. किल्ली स्वतःकडे ठेवली.

परतीची वाट पण सोपी नव्हती. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती बोट युद्धात बुडाली. सप्टेंबर १९१७ मध्ये कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर गेले. एवढे शिकलेला माणूस, पण राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले. कचेरीत शिपाई लांबून फायली फेकायचे. शेवटी कमाठी बागेत झाडाखाली बसून ते रडले. ती जागा आज आपण संकल्पभूमी म्हणून मानतो. बडोदा सोडून ते मुंबईला आले. शिकवण्या केल्या. शेअरच्या धंद्याबाबत सल्ला देण्याचे काम काढले, पण जात कळल्यावर गिऱ्हाईक येईना, ते बंद पडले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात हा पगार म्हणजे मोठा. दुसऱ्या कुणी चांगला बंगला भाड्याने घेतला असता, सूट शिवले असते. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले. आपल्यासारख्याच गिरणी कामगारांच्या शेजाराला. पगारातून घरखर्चाला रमाईच्या हातात ठरलेली रक्कम द्यायची आणि बाकीचा पैसा लंडनसाठी बाजूला टाकायचा. परवानगीची चार वर्षे चालू होती, घड्याळ थांबत नव्हते.

इथे माता रमाईचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एवढ्या पगाराच्या माणसाच्या बायकोने चाळीत पैपैचा हिशोब करून संसार रेटला. यशवंत तेव्हा लहान होता. नवरा पुन्हा परदेशी जाणार, पुन्हा आपण एकट्याने घर ओढायचे, हे तिला माहीत होते. तरी तिने आडकाठी केली नाही. शिकणारा एक असतो, पण फी सगळे घर भरते. हे ज्या घराला समजले त्या घरातला पोरगा किंवा पोरगी पुन्हा कॉलेजात जाऊ शकते.

मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. ह्याच काळात मूकनायक निघाले, माणगावची परिषद झाली. चळवळीचे काम अंगावर असताना सुद्धा त्यांनी शिक्षण पुढे ढकलले नाही. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून ५ हजार रुपये उसने, असा पैसा जमवून जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. सप्टेंबरअखेर पुन्हा त्याच संस्थेत दाखल झाले. परवानगीच्या मुदतीतले एक वर्ष अजून शिल्लक होते. वय एकोणतीस, घरी बायको-लेकरू. आजच्या हिशोबाने शिकायचे वय गेलेला माणूस!

मग जो अभ्यास झाला तो सगळ्यांना माहीत आहे. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडायच्या वेळी हजर, बंद होईपर्यंत बाहेर नाही. पोटाला पुरेसे नाही, रात्री भूक लागली की पापडावर भागवायचे. १९२१ ला एम.एस्सी. झाले. बॅरिस्टरी झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये दिला, पण परीक्षकांना तो जहाल वाटला, पुन्हा लिहा म्हणाले. तोवर पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये मुंबईला यावे लागले. म्हणजे दुसऱ्यांदा मधेच परत. पण प्रबंध त्यांनी मुंबईहून दुरुस्त करून पाठवला, निष्कर्ष बदलले नाहीत, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. सुद्धा प्रबंध छापून दिल्यावर १९२७ ला रीतसर हाती आली, अभ्यास पुरा झाल्यानंतर अकरा वर्षांनी. बांधवांनो, बाबासाहेबांच्या मोठ्या पदव्या अशा तुटत-जोडत आलेल्या आहेत.

ज्याला शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचा चटका बसला, तोच माणूस पुढे शिष्यवृत्ती देण्याच्या जागेवर गेला. १९४२ साली व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाल्यावर त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारकडे पाठपुरावा केला. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. आज ज्याला आपण भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतो ती हीच. मग पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद कॉलेज. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या मागासलेल्या मराठवाड्यातल्या पोरांसाठी त्यांनी नागसेनवन उभे केले.

आता आपले काम काय? पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. पण वस्तीत ज्याचे शिक्षण सुटले आहे त्याला परत आणणे हे खरे अभिवादन.

पहिली गोष्ट, कॉलेज सोडायची पाळी आलीच तर न सांगता सोडू नका. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, दाखला आणि गुणपत्रके जपून ठेवा. चालू वर्षात शिष्यवृत्ती घेऊन मधेच शिक्षण सोडले तर सरकार ती रक्कम परत मागू शकते, असा नियम आहे. दुसरी गोष्ट, मधे वर्षे गेली म्हणून शिष्यवृत्ती कायमची बुडाली असे समजू नका. महाडीबीटीच्या अर्जात खंडाच्या दाखल्याची जागाच ठेवलेली आहे. खंड पडला तर तो कागद जोडायचा, लपवायचा नाही. सोबत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागच्या परीक्षेची गुणपत्रिका. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. लग्न झालेल्या मुलीला नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणजे लग्न झालेल्या मुलीसाठी दार उघडे आहे हे उघड आहे. सासू-सासऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिसरी गोष्ट, एक पदवी झाल्यावर त्याच पायरीचे दुसरे शिक्षण घेतले तर शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात किंवा बीडला समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. ऐकीव गोष्टीवर पोराचे आयुष्य ठरवू नका.

बाबासाहेबांजवळ एका कागदावर चार वर्षांची परवानगी होती आणि रमाईची साथ होती. आपल्या लेकरांना कागद आपण मिळवून देऊ, साथ आपण देऊ. या वर्धापनदिनी विहारात बसून प्रत्येक गल्लीतल्या मधेच शाळा-कॉलेज सुटलेल्या मुलामुलींची यादी करावी, जूनच्या आत त्यांचे दाखले काढावेत, एवढी आमची नम्र विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!